परत न आलेल्या वैमानिकाची साक्ष कोण देतं? १९६५ चे तीन स्क्वाड्रन लीडर आणि साधन-चिकित्सेचा एक धडा



संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून एक अडचण नेहमी ऐकायला मिळते. विषय ठरलेला असतो, आराखडा अर्धा लिहून झालेला असतो आणि मग गाडी अडते: "साधनं एकाच बाजूची मिळतात. दुसऱ्या बाजूची मिळाली तरी ती विरोधकांची. त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" काही जण तर एवढ्यावरून विषयच बदलतात.

या प्रश्नाचं उत्तर व्याख्या देऊन नीट कळत नाही, म्हणून आज एक खरं प्रकरण घेऊ. १९६५ चं भारत-पाकिस्तान युद्ध, ६ आणि ७ सप्टेंबर हे दोन दिवस आणि हवाई लढाईत मारले गेलेले तीन स्क्वाड्रन लीडर. दोन भारतीय, एक पाकिस्तानी. तिघांचीही आठवण आज ठेवली जाते, पण तिघांबद्दल आपल्याला सारखंच माहीत नाही. हा फरक त्यांच्या शौर्यातून आलेला नाही. त्यांच्या शेवटच्या क्षणांचा साक्षीदार कोण होता आणि तो जिवंत परतला का, यावरून तो पडला आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

'स्क्वाड्रन लीडर' म्हटलं की आपल्याला वाटतं, स्क्वाड्रनचा प्रमुख. पण तो हुद्दा आहे, लष्करातल्या मेजरच्या बरोबरीचा. स्क्वाड्रनचं नेतृत्व हे वेगळं पद. ज्या स्क्वाड्रन लीडर देवय्यांबद्दल आपण बोलणार आहोत, ते क्रमांक १ च्या स्क्वाड्रनबरोबर उडत होते, पण तिचे प्रमुख होते विंग कमांडर ओ. पी. तनेजा. याउलट पाकिस्तानचे सरफराज रफिकी हुद्द्यानं स्क्वाड्रन लीडर होते आणि त्यांच्या क्रमांक ५ च्या स्क्वाड्रनचे प्रमुखही होते. 'युद्धात पडलेले स्क्वाड्रन लीडर' अशी यादी करायला बसलात, तर हुद्दा धरायचा की पद, हे पहिल्या पानावर लिहावं लागेल. नाहीतर दोन वेगळ्या याद्या एकीत मिसळतील आणि तुमच्या लक्षातही येणार नाही.

पहिले: रफिकी, ज्यांचा सोबती परतला

६ सप्टेंबरच्या संध्याकाळी रफिकी तीन सेबर विमानं घेऊन पंजाबातल्या हलवारा तळावर आले. तिथे क्रमांक ७ च्या स्क्वाड्रनची दोन हंटर विमानं हवेत गस्त घालत होती. वैमानिक होते फ्लाइंग ऑफिसर पिंगळे आणि फ्लाइंग ऑफिसर गांधी. रफिकींनी पिंगळे यांचं हंटर पाडलं. त्यानंतर रफिकींच्या तोफा बंद पडल्या. पाकिस्तानी वृत्तांतानुसार त्यांनी परत न फिरता पुढाकार सेसिल चौधरी या आपल्या सोबत्याकडे दिला आणि स्वतः त्याची पाठ राखत राहिले. त्या झुंजीत रफिकी आणि त्यांचा दुसरा सोबती युनूस हुसेन मारले गेले. चौधरी परतले. भारताची दोन्ही हंटर गेली, पण पिंगळे आणि गांधी यांनी विमानातून उडी घेतली आणि दोघंही वाचले.

आता साधनांच्या दृष्टीनं बघा. तोफा बंद पडल्या, पुढाकार सोपवला, हे बाहेरून कुणाला दिसणार? हा तपशील आपल्यापर्यंत आला, कारण रफिकींच्या बाजूचा एक माणूस घरी पोहोचला. शिवाय त्याच लढाईत उतरलेले भारतीय वैमानिकही जिवंत होते, त्यामुळे ताडून बघायला समोरच्या बाजूची साक्षही आहे. रफिकींना हिलाल-ए-जुरत मिळालं आणि शोरकोटच्या हवाई तळाला त्यांचं नाव दिलं गेलं. आठवण लगेच पक्की झाली.

दुसरे: देवय्या, ज्यांचा फक्त शत्रू परतला

७ सप्टेंबरची पहाट. क्रमांक १ च्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं तनेजांच्या नेतृत्वाखाली आदमपूरहून सरगोध्याकडे निघाली. सरगोधा हा पाकिस्तानी हवाई दलाचा सगळ्यात महत्त्वाचा तळ. कोडगूचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या, वय ३२, अनुभवी उड्डाण-प्रशिक्षक. त्यांचं नाव राखीव वैमानिकांत होतं. आयत्या वेळी जागा झाली आणि तेही निघाले.

सरगोध्यापर्यंतचं अंतर मिस्टेअरच्या पल्ल्याच्या जवळजवळ टोकाला होतं. म्हणजे जायचं, हल्ला करायचा आणि थेट परत फिरायचं. वाटेत झुंज घेतली तर घरी पोहोचण्याइतकं इंधन उरेल याची खात्री नाही. परतीच्या वाटेवर देवय्यांना गाठलं ते एफ-१०४ स्टारफायटरनं. ध्वनीच्या दुप्पट वेगानं उडणारं, क्षेपणास्त्रं असलेलं, त्या काळातलं अत्याधुनिक विमान. मिस्टेअर त्याच्यापुढे फारच हळू.

देवय्या परतले नाहीत. त्यांच्या तुकडीतल्या कुणीही त्यांचा शेवट पाहिला नव्हता. भारतीय कागदांवर त्यांची नोंद 'बेपत्ता' अशी झाली. पुढे काय झालं असेल, याबद्दल फाइलमध्ये लिहिण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं.

१४ वर्षं गेली. १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचं 'बॅटल फॉर पाकिस्तान' हे पुस्तक आलं. ते पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्यानं लिहिलेलं होतं आणि त्याचा कलही पाकिस्तानच्या बाजूचा होता. त्यात स्टारफायटरचे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या त्या सकाळच्या लढाईचं वर्णन होतं. त्यांनी आधी क्षेपणास्त्र सोडलं, ते लागलं नाही. मग तोफांनी मिस्टेअरवर मारा केला. हे विमान संपलं असं त्यांना वाटलं. पण जखमी मिस्टेअर वळलं, अंगावर आलं आणि त्याच्या माऱ्यानं स्टारफायटर निकामी झालं. अमजद यांना उडी घ्यावी लागली.

या पुस्तकानंतर प्रश्न पुन्हा उघडला गेला: तो मिस्टेअर वैमानिक कोण? १९८८ मध्ये, म्हणजे युद्धानंतर २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झालं. आज मडिकेरीत त्यांच्या नावाचा चौक आहे. २०२५ मध्ये आलेल्या 'स्काय फोर्स' या हिंदी चित्रपटातलं एक प्रमुख पात्रही त्यांच्यावरूनच घेतलेलं आहे, फक्त नाव बदलून.

पण पुस्तकात तर नाव नव्हतं. मग ठरलं कसं?

आपल्यासाठी खरा अभ्यास इथे सुरू होतो. कॉकपिटमधून समोरच्या वैमानिकाचं नाव दिसत नाही. अमजद सांगू शकत होते ते एवढंच: एक मिस्टेअर, अमुक वेळी, अमुक भागात. तिथून देवय्यांच्या नावापर्यंत पोहोचायला तर्काच्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्या एकेक करून बघू.

पहिली पायरी: स्टारफायटर पडलं का? हो. स्वतः पाकिस्तानी बाजू ते मान्य करते आणि त्यांचा वैमानिक उडी घेऊन वाचला.

दुसरी पायरी: वेळ जुळते का? ७ सप्टेंबरला सरगोध्यावर दिवसभर वेगवेगळ्या तुकड्या जात होत्या, त्यामुळे नुसती तारीख जुळून भागत नाही. घटना पहाटेच्या मोहिमेतली आहे हे दाखवावं लागतं. आणि इथे एक छोटासा खड्डा आहे. भारताचं आणि पाकिस्तानचं घड्याळ यांत अर्ध्या तासाचं अंतर. दोन देशांच्या नोंदी शेजारी ठेवताना हा अर्धा तास विसरलात, तर एकच घटना दोन वाटेल किंवा दोन घटना एक होतील.

तिसरी पायरी: त्या पहाटेच्या मोहिमेतून किती मिस्टेअर परतली नाहीत? एकच. देवय्यांचं.

चौथी पायरी: परतलेल्यांपैकी कुणी "मी स्टारफायटर पाडलं" असं सांगितलं का? नाही. आणि लढाऊ वैमानिकानं मिस्टेअरसारख्या विमानातून स्टारफायटर पाडलं असतं, तर उतरल्याबरोबर त्यानं ते सांगितलं असतं.

मग उरतात एकटे देवय्या. याला वगळत जाण्याची पद्धत म्हणता येईल. शक्य ती सगळी नावं लिहायची, प्रत्येक नाव पुराव्यानं खोडायचं आणि जे खोडता येत नाही ते ठेवायचं. गुप्तहेरकथांमधून ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. संशोधनात तिला एक अट जास्तीची असते: सुरुवातीची यादी पूर्ण असल्याचं दाखवता आलं पाहिजे.

दोन प्रकारची शांतता

या प्रकरणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

१९६५ च्या भारतीय नोंदी देवय्यांच्या झुंजीबद्दल गप्प आहेत. त्या नोंदी परतलेल्या वैमानिकांच्या झुंजीबद्दलही गप्प आहेत, म्हणजे त्यांच्यापैकी कुणी स्टारफायटर पाडल्याची नोंद नाही. वरवर दोन्ही शांतता सारख्याच. पण पुरावा म्हणून त्यांचं वजन एकदम वेगळं आहे.

परतलेले वैमानिक बोलू शकत होते. त्यांना विचारणारा अधिकारी होता, जबानीची ठरलेली पद्धत होती. तरी ते या बाबतीत गप्प आहेत, म्हणजे तसं घडलं नसावं. ही शांतता बोलकी आहे. देवय्यांची शांतता मात्र काहीच सांगत नाही, कारण बोलणारा माणूसच तिथे नव्हता. तिच्यावरून "त्यांनी काही विशेष केलं नाही" असा निष्कर्ष काढणं चूक. आणि २३ वर्षं त्या चुकीच्या जवळपास जाणारी स्थिती होती. कुणी वाईट हेतूनं काही दडवलं असं नाही. व्यवस्था फक्त परतलेल्यांना विचारू शकते, एवढंच.

म्हणून साधनं गप्प दिसली की आधी विचारा: ही गोष्ट घडली असती, तर या साधनात ती येण्याची शक्यता होती का? 'हो' असेल तर शांतता हा पुरावा. 'नाही' असेल तर ती नुसती रिकामी जागा.

संख्याशास्त्र शिकलेल्यांना इथे अब्राहम वाल्ड आठवेल. दुसऱ्या महायुद्धात तो कोलंबिया विद्यापीठातल्या एका संशोधन गटात काम करत होता. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे जास्त आहेत, हे पाहून तिथे चिलखत लावावं, असं सहज कुणालाही वाटेल. वाल्डचं म्हणणं वेगळं होतं. जिथे भोकं दिसत नाहीत तिथे चिलखत हवं, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परतच आली नाहीत. हवाई युद्धाच्या आठवणींचंही तसंच आहे. आपल्याकडे आहेत त्या परतलेल्यांच्या गोष्टी.

शत्रूची कबुली: किती मानायची?

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. खाफीखान हा मुघल इतिहासकार शिवाजी महाराजांबद्दल अतिशय कडवट लिहितो. पण लुटीच्या वेळी मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना धक्का लावायचा नाही, हा महाराजांचा नियम तोच नोंदवून ठेवतो. आपल्याकडे हा उल्लेख सतत दिला जातो तो याचसाठी. ज्याला स्तुती करायची नाही, त्याच्या लेखणीतून आलेली गोष्ट जास्त वजनाची.

तत्त्व बरोबर आहे, पण त्याचा मंत्र करू नका. शत्रूनं मान्य केलं म्हणजे खरंच, असं नसतं. अमजद हुसेन यांच्या बाबतीतही शंका घेऊन बघायला हवी. स्टारफायटर हे पाकिस्तानच्या अभिमानाचं विमान. ते अपघातात किंवा स्वतःच्या चुकीनं गमावलं म्हणण्यापेक्षा शूर शत्रूशी झुंजताना गमावलं म्हणणं वैमानिकाला बरं वाटेल, नाही का? म्हणजे या कबुलीतही हितसंबंध असू शकतो. तळावरच्या विमानविरोधी तोफांचा मारा चुकून आपल्याच विमानाला लागणं हीसुद्धा युद्धात घडणारी गोष्ट. या शक्यता तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

म्हणूनच वरच्या चार पायऱ्या महत्त्वाच्या. देवय्यांचं श्रेय एकट्या अमजद यांच्या शब्दावर उभं नाही. त्यांचा शब्द, पडलेलं स्टारफायटर, न परतलेलं एकमेव मिस्टेअर आणि इतरांची बोलकी शांतता, या चार गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणाहून येऊन एकाच जागी मिळतात. त्यातल्या दोन पाकिस्तानच्या, दोन भारताच्या. कुठल्याही एकाच देशाच्या दप्तरखान्यात बसून हे उत्तर मिळालं नसतं.

तिसरे: भागवत, ज्यांच्याबद्दल फक्त एक दावा आहे

त्याच सकाळी हलवाऱ्याहून गेलेली हंटर विमानंही सरगोध्याच्या परिसरात पोहोचली. त्यात स्क्वाड्रन लीडर एस. बी. भागवत होते. आडनाव वाचून मराठी वाचक क्षणभर थांबतोच. भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर जे. एस. ब्रार मारले गेले. स्क्वाड्रन लीडर ओ. एन. कक्कर यांनी उडी घेतली आणि ते युद्धकैदी झाले.

या हंटरांविरुद्ध लढलेल्यांत पाकिस्तानचे स्क्वाड्रन लीडर महंमद महमूद आलम होते. एका मिनिटाच्या आत पाच हंटर पाडल्याचा त्यांचा दावा जगभर गाजला. पण त्या सकाळी तिथे गेलेल्या हंटरांपैकी परत न आलेले वैमानिक तीन. दाव्याचा आकडा पाच, नुकसानीचा तीन.

म्हणजे आलम खोटं बोलत होते का? इतकी घाई नको. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिश हवाई दलानं १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. जर्मनांची प्रत्यक्ष हानी निघाली सुमारे ६० विमानांची. एकाच विमानावर दोघं-तिघं मारा करतात आणि प्रत्येकाला वाटतं, मी पाडलं. धूर सोडत खाली जाणारं विमान पडलंच असं धरलं जातं. सगळं काही सेकंदांत घडतं. म्हणून हवाई युद्धाच्या अभ्यासात एक साधा नियम पाळतात: किती पाडली हे पाडणाऱ्याच्या वहीत बघू नका, गमावणाऱ्याच्या वहीत बघा. न आलेलं विमान आणि न आलेला माणूस ही नोंद चुकवणं अवघड असतं. दुसऱ्या दिवशी पगारपत्रक, रसद, घरच्यांना जाणारी तार, सगळीकडे ती दिसते.

आणि नेमकं इथे भागवतांचं काय झालं ते बघा. पन्नास-साठ वर्षं वाद चालला आहे तो "पाच की तीन" यावर. त्या वादात भागवत हे एक एकक होऊन बसले आहेत, आलम यांच्या आकड्यातलं एक. शेवटच्या क्षणी त्यांनी काय केलं, वळले का, ब्रारना सावध करायला गेले का, हे सांगणारी जवळची साक्ष आपल्या हाती नाही. समोरच्यानं मोजलं, पण वर्णन केलं नाही. देवय्यांचा शत्रू विमान गमावून बसला, म्हणून त्याला सविस्तर सांगावं लागलं. भागवतांचा शत्रू जिंकला, त्याला आकडा पुरला.

मग आठवण कशी ठेवायची?

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्यागचक्रात एका वर्तुळात एक अशा दगडी भिंती आहेत. प्रत्येक हुतात्म्याच्या नावाची एक वीट. तिथे सगळ्या विटा सारख्या. ज्याची कहाणी कळली त्याची वीट मोठी, असं नाही. मला वाटतं, स्मारकाचं हे शहाणपण संशोधकानंही घ्यावं. पुरावा मिळाला म्हणून देवय्यांची कहाणी सांगायची. पुरावा नाही म्हणून भागवतांची कहाणी रचायची नाही, पण ते कमी होते असंही सुचवायचं नाही. त्यांच्या नावापुढची जागा रिकामी ठेवायची आणि ती रिकामी का आहे, हे लिहायचं.

चित्रपटाला हे जमत नाही, त्याला जागा भरावीच लागते. प्रबंधाला जमतं.

आता तुमच्या विषयाकडे वळा. तो हवाई युद्धाचा असायची गरज नाही. गिरणी संप असेल, दुष्काळातलं स्थलांतर असेल, एखाद्या गावची दंगल असेल. आराखडा पुढे नेण्याआधी कागदावर चार प्रश्न लिहून बघा:

१. माझी साधनं कुणी तयार केली? त्या घटनेतून 'परतलेल्यां'नीच का?

२. जे बोलू शकले नाहीत, त्यांच्याबद्दलची नोंद विरोधकाच्या, मालकाच्या, पोलिसांच्या किंवा शेजाऱ्याच्या दप्तरात मिळेल का?

३. माझ्या साधनातली कुठली शांतता बोलकी आहे आणि कुठली नुसती रिकामी?

४. विरोधकानं माझ्या सोयीचं काही मान्य केलं असेल, तर त्यात त्याची काय सोय होती?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तरी विषय लगेच टाकून देऊ नका. देवय्यांच्या बाबतीत ते उत्तर यायला १४ वर्षं लागली, आणि ते आलं सीमेपलीकडून.